वेशीवरचं पोलीसखातं



भोरचं संस्थान ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात विलीन झालं. राजाचं राज्य गेलं. पण त्या राज्याच्या नावानं उसासे टाकणारे काही गेले नाहीत. भोरच्या बाजारात बसा, एस्टी स्टँडवर बसा, वेल्ह्याच्या टपरीवर चहा घ्या. कुणीतरी पांढऱ्या टोपीवाला, नाहीतर त्याचा जीनवाला नातू, सुरू करतोच. पंतसचिवांच्या राज्यात काय शिस्त होती! घराला कुलूप लागत नव्हतं. बाया अंगावर सोनं घालून रात्रीच्या घाट उतरत होत्या. चोराची टाप नव्हती. आणि आता बघा हे पोलीस.

मी त्यांना एकच विचारतो. तुम्ही बिनघोर झोपत होता, कबूल. मग जागं कोण होतं?

ह्या सवालावर टपरीवरचा चहा थंड होतो. कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. जागा होता वेसकर. जागा होता तराळ. जागा होता रामोशी. म्हंजे तुझा आजा, माझा पणजा. हातात काठी, काठीला घुंगरं, पायात काही नाही, आणि समोर मावळातला पाऊस. संस्थानच्या त्या नामांकित शिस्तीचं पोलीसखातं आमच्या वस्तीतनं चालत होतं आणि त्याचा पगार कुणालाच द्यावा लागत नव्हता. हे बोलायचं नसतं. बोललं की 'जातीयवादी' ठरतो. म्हणून मी बोलण्याऐवजी लिहितो.

आधी हा देश केवढा होता ते बघू. हो, देशच. राजा, गादी, दरबार, कचेरी, कोर्ट, तुरुंग, पोलीस. इंग्रजांच्या दप्तरात भोर संस्थानचं क्षेत्रफळ ९२५ चौरस मैल आहे. १९०१ च्या शिरगणतीत माणसं १,३७,२६८. तालुके पाच आणि नावं सगळी गडांची : विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड, आणि पाचवा पवनमावळ. भोर तालुका आणि वेल्हे तालुका त्यातनंच निघाले. युरोपातला लक्झेंबर्ग नावाचा देश भोरपेक्षा थोडाच मोठा आहे. मॉरिशस तर भोरपेक्षा लहान. रोममधलं व्हॅटिकन अर्ध्या चौरस किलोमीटरचंसुद्धा नाही, पण त्यालाही स्वतःचे पोलीस आहेत आणि शिवाय रंगीत डगलेवाले स्विस गार्ड. तेव्हा भोरचे पोलीस ही काही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. ते एका छोट्या देशाचं दळ होतं.

छोट्या देशाच्या पोलिसांची एक गंमत असते. मोठ्या देशात शिपायाला तुझं नाव विचारावं लागतं. छोट्या देशात विचारावं लागत नाही. त्याला तुझा बाप माहीत, तुझं आडनाव माहीत, तुझी विहीर कुठली ते माहीत. तू कुणाच्या वावरात राबतोस, कुणाचं देणं लागतोस, तुझी बहीण कुठल्या गावी दिली, सगळं त्याच्या टाचेखाली. ज्याची शेतं त्याचा फौजदार, ज्याचा फौजदार त्याचंच कोर्ट. वर दाद मागायची तर राजा. राजाच्या वर पोलिटिकल एजंट, म्हंजे कितीतरी वर्षं पुण्याचा कलेक्टरच. त्याच्यापर्यंत गुंजवणीच्या खोऱ्यातल्या महारानं पोचायचं कसं?

आता हिशेब करा. संस्थानात चारशेच्या वर खेडी. डोंगर, दऱ्या, पावसाळ्यात चार महिने वाट बंद. तोरण्याच्या आणि राजगडाच्या पायथ्याच्या खोऱ्यात एका वाडीतनं दुसऱ्या वाडीत जायला दिवस मोडतो. डगलेवाले शिपाई भोरच्या कचेरीत आणि तालुक्याच्या ठाण्यात. ते किती रात्री ह्या वाड्यांत काढणार? हे राखायचं काम गावानं करायचं आणि गाव म्हणजे आम्ही. चारशे गावं धरा. गावामागं एका रात्रीला एकच माणूस धरा. वर्षाला १,४६,००० रात्री होतात. एवढं जागरण आमच्या लोकांनी ह्या चिमुकल्या देशाला फुकट दिलं. एका वर्षाचं. पिढ्यांचा हिशेब तुम्ही करा. मी सूतगिरणीत रात्रपाळी करतो. एका रात्रीच्या जागरणाला काय मोल असतं ते मला डोळ्यांनी कळतं, आणि मला निदान महिन्याला पाकीट मिळतं.

वेसकराचं काम काय होतं ते पोरांना आता माहीत नाही. म्हणून लिहून ठेवतो. सूर्य मावळला की वेशीवर बसायचं. परका माणूस आला की कोण, कुठला, कुणाकडं, हे विचारून पाटलाला वर्दी द्यायची. चोरी झाली की धावायचं. तालुक्याला टपाल पोचवायचं. वसुलाचा भरणा राखत न्यायचा. साहेबाचा मुक्काम पडला की घोड्याला गवत, चुलीला लाकडं, पुढच्या गावापर्यंत वाटाड्या. चावडीची झाडलोट. कुणाला चावडीवर बोलवायचं असेल तर तराळानं हाळी घालायची. शिवेचा तंटा झाला की शीव कुठनं जाते ते महारानं सांगायचं आणि त्याचा शब्द साक्षीला धरायचा. बेवारस मुडदा सापडला की पंचनामा होईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहायचं. रात्रभर, कोल्ही हाकत. गावात कुणी मेलं की परगावच्या सोयऱ्यांना सांगावा घेऊन पळायचं.

मोबदला? वतनाचा तुकडा. तो भावाभावांत वाटून वाटून अंगणाएवढा झालेला, आणि त्याच्यावरही सरकारची जुडी. सुगीला बलुतं. आणि संध्याकाळी दारोदार हिंडून आणलेली भाकरी. ज्याच्या घराची राखण करायची त्याच्याच दारात 'भाकर वाढा माय' म्हणायचं. आता सांगा, शहरातल्या कुठल्या शिपायानं ज्या दुकानाची राखण केली त्याच दुकानापुढं पदर पसरलाय?

काय नव्हतं त्यात पोलिसाचं? गस्त होती. खबर होती. माग होता. पंचनाम्याची राखण होती. सरकारी पैशाचा बंदोबस्त होता. एक सोडून सगळं होतं. वेसकराला कुणाला धरता येत नव्हतं.

दोस्तांनो, इथं थांबा. कारण सगळी गोम इथं आहे. पोलीस म्हंजे काय? पोलीस म्हंजे दुसऱ्याच्या अंगाला हात लावायचा सरकारी परवाना. मनगट धरायचं. खिशात हात घालायचा. घरात शिरून झडती घ्यायची. माजघरात, स्वैपाकघरात, पार देवघरापर्यंत. आता हा परवाना महाराला दिला तर? ज्याची सावली चालत नाही तो ब्राह्मणाच्या माजघरात शिरणार आणि पाटलाचं मनगट धरणार! म्हणून आमच्या हाती काठी दिली पण पकड दिली नाही. हाळी दिली पण हुकूम दिला नाही. राखण सगळी आमची, पण चोर सापडला तर त्याला हात लावायला दुसरा. अस्पृश्यता ही काय नुसती विहिरीवरची आणि देवळातली गोष्ट नव्हती. पोलीसखात्याची रचनाच तिच्यावर उभी होती.

आणि हे आम्ही आत्ता शहाणे होऊन म्हणतोय असं नाही. आमच्या म्हाताऱ्यांना हे शंभर वर्षांपूर्वी कळलेलं होतं. भोरच्या पूर्वेला पुरंदर तालुका. तिथं इंग्रजांचा अंमल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सासवडला ५१ गावच्या महारांची सभा भरली. पुढारी शिवराम जानबा कांबळे. त्यांनी सरकारला अर्ज केले आणि १९१० साली तर थेट विलायतेच्या भारतमंत्र्यांकडं अर्ज धाडला. मागणं काय? फार मोठं नाही. सरकारी नोकरीतल्या खालच्या जागा, पलटणीतली शिपायाची जागा आणि पोलिसातली शिपायाची जागा. ज्यांचे बाप रोज रात्री पोलिसाचं काम करत होते ती माणसं पोलिसाची टोपी मागत होती. सरकार इंग्रजाचं होतं आणि त्याला विटाळ नव्हता. पण विटाळ मानणाऱ्यांची मर्जी त्याला सांभाळायची होती. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला आमचं रक्त चाललं. पुढं राज्य पक्कं झाल्यावर आमच्याच पोरांना पलटणीची दारं बंद झाली. महार रेजिमेंट उभी राहायला ऑक्टोबर १९४१ उजाडावा लागला, तेसुद्धा महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा. आता विचार करा. इंग्रजी अंमलाखालच्या सासवडला जर ही गत, तर डोंगराच्या अलीकडं, संस्थानात, कुणी अर्ज लिहायचा आणि कुणाला द्यायचा?

रामोशी भावांचं तर ह्याहून वाईट. त्यांच्याकडं माग काढायचं काम. पेशवाई गेल्यावर १८१९ साली एल्फिन्स्टननं ह्या मुलखाचा रिपोर्ट लिहिला, त्यात गावच्या राखणदाराचा हा धंदा वर्णिलेला आहे. चोराचं पाऊल ओळखायचं, मागावर जायचं, माग शेजारच्या गावच्या शिवेत गेला की त्या गावच्या राखणदाराच्या गळ्यात घालायचा. माग लागला नाही तर चोरीची भरपाई राखणदाराच्याच बोडक्यावर. म्हंजे चोरी करणारा दुसरा, माल गेला तिसऱ्याचा, आणि भरायचं रामोशानं. आणि एवढं करून शेवटी काय मिळालं? १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ साली तो नवा करून साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लावला. ज्याला राखणीला बसवला त्यालाच जन्मानं चोर ठरवून हजेरीला उभा केला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. पण ठाण्यातल्या जमादाराच्या डोक्यातनं तो कुठल्या तारखेला रद्द झाला, ते मला कुणीतरी सांगावं.

उमाजी नाईक ह्याच भोरच्या उत्रोळीत सापडले. १८३१ चा डिसेंबर. पुरंदरच्या भिवडीचा हा माणूस इंग्रजाला वर्षानुवर्षं पुरून उरला. डोंगर त्याला ओळखत होता, कारण पिढ्यान्‌पिढ्या डोंगर राखणारेच हे लोक. पलटणीला तो सापडला नाही. इनामाची लालूच दाखवून त्याचीच माणसं फोडली, तेव्हा सापडला. ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फाशी. पोलिसाची ही सगळ्यात जुनी विद्या : रामोशानं रामोशाला धरावं, महारानं महाराची खबर द्यावी. आज वस्तीत खबऱ्या असतो ना, तो हवेतनं पडलेला नाही. त्याला दोनशे वर्षांची वहिवाट आहे.

बाबासाहेबांनी हा गळफास ओळखला. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याला दुरुस्तीचं विधेयक मांडलं. १८७४ च्या त्या कायद्यानं महाराला गावाशी आणि सरकारशी जन्मभर बांधून ठेवला होता. बाबासाहेबांचं म्हणणं साधं होतं. काम सरकारचं असेल तर पगार सरकारनं द्यावा. काम गावकीचं असेल तर त्याचा मोबदला ठरवून द्यावा. आणि ज्याला ही गुलामी नको असेल त्याला जमीन राखून तीतनं मोकळं होता यावं. एवढंसं म्हणणं. पण ते विधेयक त्यांना मागं घ्यावं लागलं. फुकटचा पोलीस सोडायला कुणी तयार नव्हतं. ना सरकार, ना पाटील.

मग १९४८ आलं. संस्थानांची पोलीस दळं मुंबई राज्याच्या पोलिसांत मिसळली. डगलेवाले एका सरकारच्या पगारातनं दुसऱ्या सरकारच्या पगारात गेले. वेसकराला कुणी विलीन केलं? त्याचं राज्य बदललं, त्याची रात्र नाही बदलली. राजा गेल्यावर अकरा वर्षांनी, १ ऑगस्ट १९५९ ला, कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा १९५८ चा कायदा अमलात आला. 'कनिष्ठ' हा शब्द बघा. कायद्याच्या नावातसुद्धा आमची जागा दाखवलीय. आणि जमीन? ती आधी सरकारजमा, मग आकाराच्या तिप्पट रक्कम मुदतीत भरली तर परत आमच्या नावावर. पिढ्यान्‌पिढ्या जागून मिळवलेला तुकडा पुन्हा पैसे मोजून घ्यायचा! ज्यांच्याकडं पैसे नव्हते, ज्यांना नोटीस वाचता येत नव्हती, त्यांच्या तुकड्याचं काय झालं ते तलाठ्याच्या दप्तरात बघा. जा आणि फेरफार काढा. त्यात तुमच्या आज्याची सगळी नोकरी संपलेली दिसेल.

त्याच सुमाराला दुसरी एक गोष्ट झाली होती, आणि ती कुठल्या कायद्यानं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आमच्या लोकांनी काठी खाली ठेवली. मेलेलं ढोर ओढायचं नाही, भाकरी मागायची नाही, वेशीवर बसायचं नाही. गावोगाव बहिष्कार पडले, दुकान बंद, दळण बंद, वाट बंद. पण काठी परत उचलली नाही. ह्या मुलखाच्या पोलीसखात्यातला पहिला आणि सगळ्यात मोठा संप कुणी केला असेल तर आमच्या आजोबांनी केला. त्याची नोंद कुठल्याच गॅझेटात नाही.

आणि पाटील? महसुली पाटीलकी १ जानेवारी १९६३ पासून गेली. पण १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्यानं पोलीस पाटील राहिला. आता मानधनाचा, प्रांतानं नेमलेला. त्याच्या जागांना आरक्षण लागू झालं. आज भोर उपविभागाच्या जाहिरातीत एखाद्या गावापुढं 'अनुसूचित जाती' असं छापलेलं येतं. ह्यावर गावात काय चालतं ते तुम्ही जाणता. अर्ज करू नको म्हणून आधी गोडीनं सांगतात. मग नेमणूक झालीच तर 'आमचा पाटील वेगळा' असं ठरवतात. तरीसुद्धा मी म्हणतो, अर्ज करा. ज्याच्या बापानं पाटलाला वर्दी दिली, त्यालाच आता गावानं वर्दी द्यावी. सूड म्हणून म्हणत नाही. हा शंभर वर्षांचा थकलेला हिशेब आहे.

आता भांडण आपल्याच दोघांशी.

पहिला मित्र म्हणतो, झालं की आता. आपली पोरं पोलिसात गेली. पहाटे भोर-वेल्ह्याच्या रस्त्यावर बघा, शंभरातली किती पोरं आपली असतात. सोळाशे मीटर पळतात, गोळा टाकतात, पोरीसुद्धा पळतात. मला त्यांचा अभिमान आहे. शिवराम जानबांच्या अर्जाला ती पोरं पायांनी उत्तर देताहेत. पळा रे पळा. पण मित्रा, टोपी घातली म्हंजे खातं आपलं झालं काय? ठाण्याची डायरी कोण लिहितं, कुणाचा फोन आला की पेन थांबतं, कुठलं कलम लागतं आणि कुठलं गाळलं जातं, हे एका शिपायाच्या हातात नाही. १९७४ ला वरळीच्या बीडीडी चाळींत काय झालं ते पँथरच्या माणसांनी सोसलंय. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेवर लोक रस्त्यावर आले तर राखीव पोलिसांच्या गोळ्यांनी दहा जण गेले. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत एका घरातली चार माणसं मारली, आणि खालच्या कोर्टाला, हायकोर्टाला त्यात जातीचा गुन्हा दिसला नाही. कसा दिसणार? खटल्याचा पाया ठाण्यात घालतात. पायातच माती घातली तर वर भिंत कुठली? डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत पकडलेला कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मेला, आणि गुन्हा नोंदवा हे सांगायला पुढच्या वर्षी हायकोर्टाला बोलावं लागलं. तेव्हा आपला माणूस आत गेला की काम संपलं, ह्या झोपेत राहू नको.

दुसरा मित्र ह्याच्या उलट. तो म्हणतो, पोलीस सगळे त्यांचेच. ठाण्याची पायरी चढायचीच नाही. त्याचा राग मला समजतो. पायरीवर तासन्‌तास बसवून ठेवलेली आमची माणसं मी पाहिलीत. पण रागाचं असं राजकारण केलं की फायदा कुणाचा? तू ठाण्यात गेला नाहीस की प्रकरण कुठं जातं? चावडीवर. आता चावडीचं नाव तंटामुक्ती समिती. २००७ साली सरकारनं तंटामुक्त गाव मोहीम काढली. गावातले तंटे गावात मिटवा, गावाला बक्षीस घ्या. ऐकायला गोड. बांधाचा तंटा मिटवा, भावकीचा मिटवा, माझी ना नाही. पण आमच्या पोरीची छेड काढली, नवरदेवाला घोड्यावरनं खाली ओढलं, जयंतीची मिरवणूक अडवली, हा तंटा नाही. हा गुन्हा आहे. तो समितीत मिटत नसतो. 'गावाची बदनामी नको' असं म्हणणारा प्रत्येक माणूस जुन्या संस्थानचा फौजदार आहे, त्याच्या अंगात सदरा असो नाहीतर सफारी.

कारण संस्थान विलीन झालं ते भोरचं. गावागावातली संस्थानं विलीन व्हायची राहिलीत. तीच खरी चिमुकली राष्ट्रं. त्यांना वेस आहे, राजा आहे, कोर्ट आहे, पोलीस आहे आणि हद्दपारीची शिक्षासुद्धा आहे. १९४८ च्या मार्चमध्ये भोर विलीन झालं आणि त्याच सालच्या ४ नोव्हेंबरला बाबासाहेबांनी घटना समितीत ह्या खेड्याची लक्तरं वेशीवर टांगली. खेडं आदर्श असल्याच्या गोष्टी करणाऱ्यांना त्यांनी तोंडावर सांगितलं की घटनेचा पाया माणूस आहे, खेडं नाही. पोलिसाच्या बाबतीत ह्याचा अर्थ एकच. पोलीस गावाचा नको, माणसाचा पाहिजे. गावानं ठरवलेली शांतता राखणारा नको, संविधानानं दिलेला हक्क राखणारा पाहिजे.

तो फुकट मिळणार नाही. म्हणून काही कामाच्या गोष्टी. ह्या स्टेन्सिलवर कोरताना हात दुखला तरी चालेल, पण तुमच्या पाठ झाल्या पाहिजेत.

१९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. त्याचं कलम ४ पोलिसावर आहे. आपल्यातला नसलेला सरकारी नोकर जाणूनबुजून कर्तव्य चुकवील तर सहा महिने ते एक वर्ष कैद. फक्त आधी खात्याची चौकशी होऊन तशी शिफारस यावी लागते, म्हणून लेखी तक्रार वरपर्यंत द्यायची आणि पोच घ्यायची. २०१५ च्या दुरुस्तीनं त्याची कर्तव्यं एकेक करून लिहिलीत : तोंडी फिर्याद लिहून घ्यायची, सही घेण्याआधी फिर्यादीला वाचून दाखवायची, नक्कल ताबडतोब द्यायची, साठ दिवसांत आरोपपत्र धाडायचं. तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी करील असं केंद्राच्या १९९५ च्या नियमात आहे. 'आधी चौकशी करतो, मग बघतो' असं कुणी म्हणालं की कलम १८-अ सांगायचं. ह्या कायद्यात गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशी लागत नाही. हे कलम कुणी दान दिलेलं नाही. कऱ्हाडच्या एका प्रकरणावरनं २० मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टानं कायद्याचे दात काढले. २ एप्रिलला देशभर आपली माणसं रस्त्यावर उतरली, त्यात जीव गेले. मग संसदेनं १८-अ घातलं आणि १० फेब्रुवारी २०२० ला कोर्टानंही ते कायम ठेवलं. ते कलम रक्तानं लिहिलंय. ठाण्यात उच्चारताना आवाज खाली करू नका.

आणि १ जुलै २०२४ पासून नव्या फौजदारी संहितेत झिरो एफआयआर कायद्यातच आलाय. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, कुठल्याही ठाण्याला नोंदवून घ्यावा लागतो. भोर, राजगड, वेल्हे, तिन्ही ठाणी पुणे ग्रामीणचीच. तेव्हा 'ही आमची हद्द नाही' हे वाक्य ऐकून परत यायचे दिवस संपले. डोंगर ओलांडला की हद्द संपायची ते संस्थानात.

शेवटचं काम, आणि ते कुठल्या सरकारकडनं मागायचं नाही. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं वेल्हे तालुक्याला राजगड नाव द्यायचं ठरवलं. गडाचं नाव द्या, आमची हरकत नाही. त्या गडांच्या पायथ्याला मेटांवर राखण करणाऱ्यांत महार होते, रामोशी होते, मांग होते. गडाचं नाव लागलं तर ज्यांनी गड राखला त्यांचीही नावं लागू देत. ती कुठं आहेत? म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत, आणि म्हातारे चाललेत. प्रत्येक गावात जा. शेवटचा वेसकर कोण होता, विचारा. त्याची काठी कुठल्या साली खाली ठेवली, का ठेवली, त्या रात्री गावानं काय केलं, लिहून घ्या. बायांना वेगळं विचारा, कारण भाकरी मागायला त्या गेल्या होत्या आणि बहिष्कारात उपाशी पोरं त्यांनी सांभाळली होती. वही भरली की आमच्याकडं पाठवा. आम्ही छापू. शाई कमी पडली तर वर्गणी काढू.

मग टपरीवर कुणी म्हणालं, राजाच्या राज्यात चोरी नव्हती, तर ती वही त्याच्या पुढं ठेवा. म्हणावं, ही तुमच्या पोलिसांची हजेरीपट्टी. नावं वाचा. पगाराचा रकाना कोरा आहे, तो कसा भरायचा ते आता बसून बोलू.

जयभीम.